ज्यांच्यापुढे काही लपवावे लागत नाही, असे बालरोगतज्ज्ञ कसे शोधावेत?

प्रश्न देवगड तालुक्यातील एका आईचा आहे. मुलगी तीन महिन्यांची असून पूर्णपणे अंगावर पिते. जन्माचे वजन २.७ किलो होते, आता ते ५ किलो आहे. मागच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांनी ‘वजन कमी आहे’ एवढेच सांगून डब्याचे दूध लिहून दिले, आणि सासूबाई रोज बाळगुटी देतात हे कळल्यावर ते चारचौघांसमोर रागावले. तेव्हापासून घरात काय चालते ते डॉक्टरांना सांगायचेच नाही, असे घरच्यांनी ठरवून टाकले आहे. बाळाला जवळ घेऊन झोपावे, गरज नसताना औषध देऊ नये, लसी एकेक करून लांबवून द्याव्यात, अशी या कुटुंबाची मते आहेत. त्या मतांचा मान राखणारे बालरोगतज्ज्ञ कणकवली-कुडाळच्या टप्प्यात कसे शोधावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. तुमच्या पत्रातील डब्याच्या दुधापेक्षा किंवा गुटीपेक्षाही मला ‘आता आम्ही सांगत नाही’ या वाक्याची जास्त काळजी वाटली. तीन महिन्यांचे बाळ स्वतः काही सांगू शकत नाही. त्याला काय पाजले, काय चोळले, कशाची धुरी दिली, हे आई किंवा आजी सांगेल तेवढेच डॉक्टरांना कळते. उद्या बाळ सुस्त पडले आणि सकाळच्या गुटीत जायफळ जास्त उगाळले गेले होते ही गोष्ट लपवली गेली, तर कितीही हुशार डॉक्टर असले तरी ते भलत्याच दिशेने शोध घेत राहतील. म्हणून ‘आमच्या मताचे डॉक्टर कोण’ असा शोध घेऊ नका. ‘आम्ही खरे सांगू शकू असे डॉक्टर कोण’ असा घ्या. ते कधी तुमच्या मताचे असतील, कधी नसतील. मान राखणारे डॉक्टर ‘नाही’ही म्हणतात, पण त्या नकाराचे कारण तुम्हाला कळेल अशा शब्दांत सांगतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला तोंड लपवायची पाळी आणत नाहीत.

हे करण्यापूर्वी तुमच्या निवडी एकदा वेगवेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे, कारण तुम्ही त्या एका दमात लिहिल्या असल्या तरी त्यांचे वजन सारखे नाही.

अंगावर पाजण्याच्या बाबतीत शास्त्र पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आता वजनाचे पाहू. संघटनेच्या २००६ च्या वाढतक्त्यात तीन महिन्यांच्या मुलींचे मधले वजन ५.८ किलो आहे आणि चिंतेची खालची रेषा साधारण ४.५ किलोवर येते. तुमची मुलगी मधल्या रेषेच्या खाली आहे हे खरे, पण २.७ किलोने जन्मलेली मुलगी जन्माच्या वेळीही त्या रेषेच्या तेवढीच खाली होती. म्हणजे या दोन आकड्यांवरून ती स्वतःच्या वाटेने नीट वाढताना दिसते. दोनच आकड्यांवरून आणि बाळ न पाहता मी निकाल देणार नाही, परंतु डब्याचे दूध लिहून देण्याआधी काय काय व्हायला हवे होते, ते सांगतो. बाळाला पूर्ण उघडे करून, लंगोटही काढून, वजन करायला हवे होते. दर महिन्याची वजने माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात मांडून रेषा चढते आहे, सपाट आहे की घसरते आहे, हे पाहायला हवे होते. दिवसभरात लघवीने सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का, हे विचारायला हवे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुम्हाला समोर बसवून पाजायला सांगून बाळ केवळ स्तनाग्र ओढते आहे की त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेते आहे, गिळल्याचे जाणवते का, हे निदान पाच मिनिटे तरी पाहायला हवे होते.

ही पाच मिनिटे जे डॉक्टर देतात, किंवा आपल्या परिचारिकेला द्यायला लावतात, ते मला डॉक्टर निवडण्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही गुणापेक्षा मोठे वाटतात. कधीकधी वरचे दूध खरोखर लागते, आणि तेव्हा ते नाकारणे बाळाच्या हिताचे नसते. पण कारण न सांगता पहिल्याच भेटीत डबा लिहून देणे हा उपचार नव्हे. या दुधाची जाहिरात करणे, त्याचे फुकट नमुने वाटणे, आरोग्यसेवकांना त्यासाठी लाभ देणे, या सर्वांवर १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. दवाखान्याच्या भिंतीवर डब्याच्या दुधाचे किंवा बाटलीचे चित्र असलेले कॅलेंडर टांगलेले दिसले, तर तेवढी नोंद मनात जरूर करावी.

बाळगुटीबद्दल मी तुमच्या डॉक्टरांच्या मताशी सहमत आहे, त्यांच्या पद्धतीशी मुळीच नाही. सहा महिन्यांच्या आत गुटी देऊ नये, असे मीही सांगतो. पण तसे सांगण्यापूर्वी मी आजींनाच विचारतो: सहाण कुठे ठेवता, ती धुतल्यावर वाळवता की ओलीच फडक्यात गुंडाळता, पाणी उकळलेले असते का, कशाचे किती वेढे देता, चाटवताना मध घालता का? कोकणातल्या पावसाळ्यात ओली सहाण, ओले फडके आणि बुरशी धरलेले हळकुंड किंवा मुरडशेंग यांतून जुलाब व्हायला वेळ लागत नाही. जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि बाळ शांत झोपले म्हणून घरात समाधान पसरते तेव्हा ते कमी पाजले गेलेले असते. हीच गोष्ट वजनाच्या प्रश्नाशी थेट जोडलेली असू शकते, आणि ती डॉक्टरांना कळलीच नाही तर खापर आईच्या दुधावर फुटते. वेखंडात असलेल्या बीटा-ॲसॅरोन या घटकाबद्दल वैद्यकशास्त्राला शंका आहेत. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको, कारण त्यातील जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. एवढे प्रश्न विचारून झाले की बहुतेक आजी स्वतःच म्हणतात, ‘मग सहा महिने राहू दे हो डॉक्टर.’ त्यांना दटावून जे होत नाही ते त्यांच्या हातच्या कामाबद्दल आस्थेने विचारल्याने होते.

आणखी एक गोष्ट मी नेहमी करतो, तीही सांगून ठेवतो. गुटी बंद करायला सांगताना मी खोबरेल तेलाच्या मालिशीला मनापासून होकार देतो. हलक्या हाताने, नाकाकानात तेल न सोडता, दुधानंतर लगेच न करता केलेली मालिश बाळाला चांगली असते आणि आजीचा हात बाळावर राहतो. धुरी मात्र नको. बंद खोलीत ओवा-शेपांचा धूर बाळाच्या छातीला त्रास देतो. न्हाऊन झाल्यावर कोरड्या सुती कपड्यात गुंडाळणे पुरेसे आहे. डोळ्यांत काजळही नको, कारण त्यात शिसे असू शकते. एखादे डॉक्टर घरातल्या सगळ्याच जुन्या गोष्टींवर एका फटक्यात फुली मारत असतील, तर त्यांनी चांगले आणि वाईट वेगळे करण्याचे कष्ट घेतलेले नाहीत, असे समजावे.

बाळाला जवळ घेऊन झोपण्याबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे बहुतेक आया तशाच झोपतात आणि त्याने रात्रीचे पाजणे सोपे जाते. बाळ उताणे झोपवावे, मऊ उशा आणि जाड गोधड्या त्याच्या तोंडाजवळ नसाव्यात, दारू प्यायलेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने शेजारी झोपू नये, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे असेल तर त्याला त्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर ठेवावे. ज्या डॉक्टरांना तुम्ही हे मोकळेपणाने सांगाल ते एवढ्या अटी सांगून पुढे जातील.

गरज नसताना औषध नको, हे तुमचे म्हणणे चांगल्या डॉक्टरांना अडचणीचे वाटत नाही, उलट त्यांचे काम सोपे होते. साध्या सर्दीला प्रतिजैविके लागत नाहीत. सर्दीच्या औषधांत सर्रास आढळणारे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये कळवले आहे, आणि निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. जुलाब झाल्यास ओआरएस आणि १४ दिवस झिंक ही मुख्य औषधे. तेव्हा ‘हे औषध नाही दिले तर काय होईल?’ हा प्रश्न निःसंकोच विचारा. ‘काही नाही, चार दिवसांत आपोआप बरे होईल’ असे प्रामाणिक उत्तर देणारे डॉक्टर मिळाले, तर ते जेव्हा ‘हे मात्र द्यावेच लागेल’ असे सांगतील तेव्हा ते ऐकायचे, हाही या व्यवहाराचा भाग आहे. पहिल्या वर्षातले व्हिटॅमिन डीचे थेंब, दिवसाला ४०० युनिट, हे अशा ‘द्यावेच’ मध्ये येतात. आपल्याकडे ऊन भरपूर असले तरी.

लसींच्या बाबतीत मात्र तुमच्या निवडीला मी होकार देणार नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांच्या लसी एकाच दिवशी एकत्र देणे सुरक्षित आहे. त्या एकेक करून लांबवल्याने बाळाला टोचल्याचे दुखणे कमी होत नाही, फेऱ्या वाढतात, आणि डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया ज्या वयात सर्वांत जिवावर बेततो नेमके ते वय उघडे राहते. देवगडसारख्या ठिकाणी जुलै महिन्यात एक फेरी पावसाने चुकली की दुसरीही चुकते. तुमच्या मुलीच्या चौदाव्या आठवड्याच्या लसी आताच देय आहेत किंवा होत आल्या आहेत; नवे डॉक्टर मिळेपर्यंत त्यासाठी थांबू नका. उपकेंद्रात आरोग्यसेविका त्या मोफत देतात आणि त्या कोणत्याही अर्थाने दुय्यम नाहीत. खासगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून जी महाग लस मिळते तिने ताप कमी येतो, एवढाच तिचा प्रमुख लाभ आहे. तुमच्या निवडीला खरी जागा आहे ती सरकारी वेळापत्रकाबाहेरच्या लसींमध्ये. फ्लू, कांजिण्या, हिपॅटायटिस ए यांपैकी कोणती आधी घ्यावी, कोणती खर्चामुळे पुढे ढकलली तर चालेल, हे डॉक्टरांनी तुमच्याशी बोलून ठरवावे. जे डॉक्टर या दोन प्रकारांतला फरक समजावतात आणि तुमची भीती ऐकूनही घेतात, त्यांच्यावर विसंबावे. तुम्हाला खूश ठेवण्यासाठी ‘लांबवू या, काही हरकत नाही’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी मान राखणारे म्हणणार नाही.

आता शोध प्रत्यक्ष कसा घ्यावा ते पाहू. आपल्या भागात चौकशी करायला सर्वांत जाणती व्यक्ती म्हणजे आशाताई. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या बाळाकडे ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरवून सहा वेळा घरी येते, त्यामुळे गावातल्या कोणत्या बाळाला कुठे नेले आणि पुढे काय झाले हे तिला ठाऊक असते. तिला, आरोग्यसेविकेला आणि अंगणवाडीताईंना ‘चांगले डॉक्टर कोण’ असे विचारू नका. त्याचे उत्तर बहुधा सर्वांत जास्त गर्दी असलेल्या दवाखान्याचे नाव असते. ‘दूध कमी पडते म्हणून आई गेली तर पाजताना कोण पाहते? प्रश्न विचारले तर कोण चिडत नाही? आजीशी कोण नीट बोलते? रात्री फोन लागतो का?’ असे नेमके विचारा. ज्यांचे पहिले मूल आता तीन-चार वर्षांचे आहे अशा आईचे मत मी ताज्या बाळंतिणीच्या मतापेक्षा अधिक धरतो, कारण तिने त्या डॉक्टरांना बाळ आजारी असतानाही पाहिलेले असते.

पदवी आणि नोंदणी पाहण्यात संकोच वाटू देऊ नका. बालरोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.सी.एच. ही पात्रता आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि तो तसा असणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे.

पहिली भेट बाळ बरे असताना घ्या, लसीच्या किंवा वजनाच्या निमित्ताने. तापलेले, रडणारे बाळ आणि बाहेर तीस माणसे, अशा वेळी डॉक्टरांचा स्वभाव कळत नाही आणि तुम्हालाही दोन शब्द धड बोलता येत नाहीत. आमच्याकडे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आणि गणपतीत चाकरमानी आले की दवाखाने तुडुंब भरतात. ते दिवस टाळा, फोन करून निवांत वेळ विचारा. सासूबाईंना बरोबर न्या. घरी राहिलेल्या आजीपर्यंत डॉक्टरांचा निरोप पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो, आणि तो पोहोचवताना सुनेला जो त्रास होतो तो वेगळाच.

या भेटीत एक गोष्ट मुद्दाम करा. जी गोष्ट लपवावीशी वाटते तीच आधी सांगा: ‘आम्ही गुटी देत होतो. मागच्या ठिकाणी त्यावरून बोलणी खाल्ली. तुमचे मत काय?’ मग डॉक्टर काय करतात ते पाहा. ते गुटीत काय घालता असे विचारतात, की लगेच कपाळाला आठ्या घालतात? बोलताना तुमच्याकडे पाहतात, की फक्त नवऱ्याशी बोलतात? बाळाचे वजन मोठ्याने सांगून कार्डावर लिहितात का? आहाराबद्दल विचारताना आईच्या ताटाचीही चौकशी करतात का? शेवटचा प्रश्न शाकाहारी कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आई पूर्ण शाकाहारी असून दूधदहीही फारसे घेत नसेल, तर तिच्या दुधात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडून बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मान राखणारे डॉक्टर ‘अंडी खाल्लीच पाहिजेत’ असे दरडावत नाहीत. आईला बी-१२ ची गोळी देतात आणि सहा महिन्यांनंतर बाळाच्या नाचणीच्या सत्त्वात, मऊ भातात, पेजेत आणखी काय मिसळायचे ते सांगतात. पेज तशीच पाणीदार देऊ नका, चमच्यातून ओघळणार नाही इतके अन्न घट्ट हवे, हेही सांगतात. मासे खाणाऱ्या घरात काटे नीट काढून शिजवलेला मासा सहाव्या महिन्यानंतर सुरू करता येतो; त्यासाठी वर्षभर थांबण्याची गरज नसते.

एकदा रागावले म्हणून डॉक्टर सोडावेत, असे मी म्हणणार नाही. आपल्या तालुक्यांत बालरोगतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि दिवसभर ओपीडी करून रात्री प्रसूतीला धावणाऱ्या माणसाचा तोल कधी जातो. पण तुम्हाला चारचौघांत खाली पाहायला लावले गेले, ही गोष्ट लहान नाही, आणि तशी ती वाटली यात तुमचे काही चुकलेले नाही. एकदा पुन्हा जाऊन शांतपणे म्हणून पाहा: ‘डॉक्टर, तुमचे गुटीबद्दलचे म्हणणे पटले, आम्ही ती थांबवतो. पण त्या दिवशी सर्वांसमोर बोललात त्याने सासूबाईंना आणि मला फार लागले. वजन कमी आहे म्हणालात, तर तक्त्यावर दाखवाल का?’ पुष्कळदा एवढ्याने नाते सुधारते. तक्ता दाखवायलाच नकार मिळाला, कारण विचारले की ‘डॉक्टर तुम्ही की मी’ असे उत्तर आले, किंवा प्रत्येक भेटीत डबा, टॉनिक आणि प्रतिजैविक ठरलेलेच असले, तर मात्र लांबचा दवाखाना पत्करावा. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. बाळ कुठे दाखल केले असेल तर त्या उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात, अशी आचारसंहितेची तरतूद आहे. त्या घेऊनच पुढे जा.

घरचा एक डॉक्टर ठरला तरी कोकणात दुसरी सोय आधीपासून ठरवून ठेवावी लागते. माहेरी बाळंत होऊन तीन महिन्यांनी मुंबईला परतणाऱ्या मुलींनी लसीचे कार्ड, वजनांच्या नोंदी आणि डॉक्टरांनी दिलेली एक पानी माहिती बरोबर नेली, तर तिकडच्या डॉक्टरांपुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. इथे राहणाऱ्यांनी हे विचारून ठेवावे की बाळाला ऑक्सिजन किंवा अतिदक्षता लागली तर डॉक्टर कुठे पाठवतील: ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, की घाट चढून कोल्हापूरला. ज्या डॉक्टरांनी याचा विचार केलेला असतो ते लगेच उत्तर देतात.

तोपर्यंतचे तुमच्यापुरते काम असे. गुटी आजच थांबवा. डब्याचे दूध सुरू केले नसेल तर करू नका. केले असेल तर ते एकदम न तोडता पाजण्याच्या वेळा वाढवा आणि चार-पाच दिवसांत एखाद्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उपकेंद्रात चौदाव्या आठवड्याच्या लसी घ्या, त्याच काट्यावर उघड्या बाळाचे वजन करून घ्या आणि दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा करा. या वयात दिवसाला सरासरी २० ग्रॅमच्या आसपास वाढ होत असेल तर निश्चिंत राहा. वजन तेवढेच राहिले किंवा उतरले, तर वाट पाहू नका.

आणि हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप येणे, कोणत्याही वयाच्या तान्ह्याने दूध ओढणे बंद करणे, उठवूनही न उठणे, झटका येणे, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दोन महिन्यांच्या पुढच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त होणे, किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर आवडीचे डॉक्टर शोधत बसू नये. १०८ ला फोन करून सर्वांत जवळच्या रुग्णालयात जावे, आणि घरी काय काय दिले होते ते तिथल्या डॉक्टरांना, ते रागावणारे असले तरी, सगळे सांगावे.